पावणेचारची यादी

आपण समोर बसलो की मशीन चालतं आणि पाठ फिरवली की बंद पडतं, असं कुणी सांगितलं की माझं डोकं फिरायचं. आता फिरत नाही. तेव्हा मी तिशीही गाठली नव्हती, चंद्रपुरात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकाचं बोलणं अर्ध्यात तोडायची मला वाईट खोड होती. दुकान म्हणजे अब्बांच्या घड्याळाच्या दुकानाचाच अर्धा भाग. मधे एक काचेचं कपाट. पलीकडे अब्बा डोळ्याला भिंग लावून बसत, अलीकडे मी, उघड्या डब्यांच्या पसाऱ्यात. अब्बा गिऱ्हाइकाला भलतं भलतं विचारत. घड्याळ झोपताना कुठे ठेवता, हाताने काम कुठलं करता, पाणी किती लागतं. मी म्हणायचो, एवढं कशाला ऐकायचं, उघडून बघितलं की कळतंच. ते हसत आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावत.

त्या वर्षीच्या ऑगस्टात एका दवाखान्यातून बोलावणं आलं. आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या रस्त्यावर, एका संस्थेने चालवलेला लहानसा दवाखाना. तिथली कॉम्प्युटरची जोडणी नागपूरच्या कुणीतरी करून दिली होती आणि तो आता फोन उचलत नव्हता. मी बसने आलापल्लीला उतरलो, तिथून जीपमध्ये दाटीवाटीने बसून दुपारी पोचलो. दोन्ही बाजूंना साग इतके उंच, की रस्ता दिवसाही संध्याकाळसारखा वाटत होता.

तिथली लॅब एक बाई सांभाळत. पन्नाशीला टेकलेल्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावणाऱ्या. त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच सुमाराचा त्यांचा जन्म, आणि दीक्षेनंतर वडिलांनी घरात एकच नियम लावला, की पोरगी शाळा चुकवणार नाही. हे त्यांनी मला पहिल्या अर्ध्या तासातच सांगितलं, सहज, काचा धुता धुता. मग त्या कामाकडे वळल्या.

काम असं होतं. दवाखाना नाल्याच्या अलीकडे. पलीकडे टेकडी, टेकडीवर एक खोली आणि उंच खांब. त्या खोलीत वायरलेसचा संच होता, कारण तिथूनच आवाज भामरागडच्या पुढे, नदीपलीकडच्या गावांपर्यंत जायचा. त्या गावांतल्या आरोग्यसेविका तापाच्या माणसाच्या बोटातून थेंबभर रक्त काढून काचेवर घेत. ती काच नावेतून, पायी, जीपमधून दवाखान्यात येई. बाई ती सूक्ष्मदर्शकाखाली वाचत आणि मलेरिया आहे की नाही, असल्यास लहान की मोठा, ते लिहीत. दोन्ही जातींना इंग्रजी नावं आहेत, पण तिथे सगळे लहान आणि मोठा असंच म्हणत. लहान असला तर तो माणसाला अंथरुणात झोपवतो. मोठा मेंदूपर्यंत जातो.

उन्हाळ्यात दवाखान्याचा चपराशी निकालाचा कागद घेऊन रोज नाला ओलांडायचा. पावसाळ्यात नाला चार-चार दिवस कुणाला उतरू देत नसे, आणि मलेरियाचा खरा जोर तेव्हाच. म्हणून दोन्हीकडच्या छपरांवर एकेक तबकडी बसवून दोन कॉम्प्युटर बिनतारी जोडले होते. बाईंनी निकाल भरायचे. पावणेचार वाजता मशीनने आपणहून नदीपलीकडच्या गावांच्या गेल्या आठ दिवसांच्या निकालांची यादी तयार करून टेकडीवरच्या कॉम्प्युटरच्या फोल्डरात टाकायची. चार वाजता वायरलेसवाले भाऊ त्यातले न कळवलेले निकाल वाचणार आणि पलीकडे सेविका ऐकणार. त्यांचे संच उन्हावर भरणाऱ्या बॅटरीवर चालत, आणि त्या दिवसांत ऊन किती ते काय सांगावं. त्यामुळे चार ते सव्वाचार एवढाच वेळ. तो चुकला की थेट दुसऱ्या दिवशी चार वाजता.

यादी आली नाही की वायरलेसवाले भाऊ खांबावर लाल कपडा चढवत. फोन पावसाळ्यात मुकाच असे, म्हणून ही सोय. कालची यादी ते आज कधीही वाचत नसत. वरची तारीख बघत, आणि जुनी असली की मुकाट्याने कपडा हातात घेत. त्या महिन्यात कपडा सारखा चढत होता.

"मी बसली का यादी जाते, उठली का जात नाई," बाई म्हणाल्या. "मशीनले माणूस लागते, भाऊ."

मी हसलो. चांगलंच हसलो, ते अजून आठवतं. मशीनला माणूस लागतो म्हणजे काय? माणूस लागू नये म्हणून तर वेळ लावून ठेवायची. मी खुर्चीत बसलो, ते काम हाताने चालवून बघितलं. यादी गेली. पावणेचारला तिथेच बसून राहिलो. तेव्हाही गेली. दुसऱ्या दिवशीही मी बसलो आणि यादी गेली.  जाताना बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की तुम्ही बसलात म्हणून गेली, हे मला न बोलता ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज मी इथे नाहीच असं समजा आणि रोजचं करा. साडेतीनला त्या वॉर्डात गेल्या. त्या वेळी त्यांना तापाच्या रोग्यांचं रक्त घ्यावं लागे आणि परत यायला साडेचार होत. मी छत्री घेऊन व्हरांड्यात उभा राहिलो. चार वाजून दोन मिनिटांनी टेकडीवर लाल कपडा चढला. मला असा राग आला, की छत्री आपटली आणि तिची एक काडी मोडली.

मशीनने आपल्या नोंदीत लिहिलं होतं, की जागा सापडली नाही. दहा मिनिटांपूर्वी जी जागा होती ती गेली कुठे? मी तासभर सगळं उलटंपालटं केलं. शेवटी बाई परत आल्यावर, नाइलाजाने, अब्बांसारखं विचारलं, "बाई, तुम्ही उठताना नेमकं काय काय करता, सगळं सांगा."

त्यांनी सांगितलं. सूक्ष्मदर्शकाची भिंगं पुसायची, त्यावर कापड घालायचं. रजिस्टरच्या शेवटच्या ओळीखाली रेघ, रेघेखाली सही, रजिस्टर बंद. मग कॉम्प्युटरवर लॉग ऑफ करायचं आणि त्यालाही शिवलेलं सुती आवरण घालायचं.

"लॉग ऑफ काऊन?" मीही त्यांच्याच बोलीत विचारलं.

"आपण उठलो म्हंजे आपलं नाव बी उठलं पायजे," त्या म्हणाल्या. "उघड्या रजिस्टरात माही सही ठेवून मी कधी बाहेर गेली नाई. मंग याच्यात काऊन ठेवू?"

तिथेच सगळं होतं. नागपूरच्या माणसाने टेकडीवरच्या फोल्डरला झेड असं एक अक्षर देऊन ठेवलं होतं, एक टोपणनाव म्हणा. बाई आपलं नाव घालून मशीनमध्ये शिरल्या की ते टोपणनाव त्यांच्यापुरतं तयार होई. त्या निघाल्या की तेही जाई. पावणेचारला मशीन बिचारं यादी तयार करून झेडला शोधत बसे, आणि झेड बाईंबरोबर कधीच वॉर्डात निघून गेलेला असे. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत हे घडलं नसतं. तिथे लोक मशीन उघडं टाकून चहाला जातात. इथे एक बाई आपल्या कामाशी इतक्या इमानी होत्या, की त्यामुळे यादी अडत होती.

मी झेड काढून टाकला आणि फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला. मग म्हटलं, खुर्चीत कुणी नसलं तरी काम बाईंच्याच नावाने व्हावं. त्यासाठी त्यांचा पासवर्ड त्या कामात साठवून ठेवावा लागणार होता. बाईंनी कीबोर्डवरचा हात मागे घेतला.

"म्हंजे मी नसतानी हे माह्या नावानं जाईन?"

"हो, हो, असंच करतात," मी म्हटलं. पुढे त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. मी म्हणू दिलं नाही.

त्यांनी पासवर्ड टाकला, मी तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी नाला गुडघ्याएवढा उतरला, तर मी टेकडीवरही गेलो. तिथलं फोल्डर कुणालाही उघडं होतं. मी म्हटलं, हे काय भलतंच, आणि ते फक्त बाईंच्या नावाला आणि त्यांच्या त्या पासवर्डलाच उघडेल असं करून ठेवलं. वायरलेसवाले भाऊ सिरोंच्याकडचे, मुळात तेलुगू बोलणारे, मोजकं बोलत. त्यांनी मला कडक चहा दिला आणि कपडा घडी करून खोक्यात ठेवला. दोन दिवस रिकाम्या खुर्चीतून यादी बरोबर गेली.

त्या दोन दिवसांत बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. "डोळा टेकवू नका, जवळ आणा फक्त," त्या म्हणाल्या. आधी धुकं दिसलं. मग त्यांनी बाजूचं चाक केसभर फिरवलं आणि माझ्यासमोर एक जग उघडलं. गुलाबीसर गोल पेशी दाटीने पसरलेल्या, आणि त्यांतल्या काहींत निळी, अतिशय नाजूक कडी, कड्याला लाल ठिपका, खड्याच्या अंगठीसारखी. इतकी सुंदर वस्तू मी तोवर बघितली नव्हती. "हा मोठा," बाई शांतपणे म्हणाल्या. एका काचेची त्या शंभर ठिकाणं बघत. मनात मोजत, ओठ हलवत नसत. वॉर्डातल्या आणि गावांतल्या मिळून दिवसाला साठ, सत्तर काचा. ज्या माणसांना त्यांनी कधी बघितलं नव्हतं, बघणारही नव्हत्या, त्यांच्या रक्ताच्या थेंबात त्या असं उतरत, आणि शंभर पूर्ण झाल्याशिवाय बाहेर येत नसत. मी मनात म्हटलं, आपण मशीन दुरुस्त करतो तेव्हा शंभर वेळा बघतो का? मग छाती फुगवून चंद्रपूरला परत आलो आणि तो विचार विसरलो.

सप्टेंबरच्या दोन तारखेला सकाळी एसटीच्या ड्रायव्हरने दुकानात एक चिठ्ठी आणून दिली. बाईंचं अक्षर, रजिस्टरसारखंच सरळ. कपडा वर आहे, यादी गेली नाई, चारशे सतरा नंबर वाट पाहून राह्यली, लवकर या. एवढंच. मी चिठ्ठी वाचली आणि माझं मन, खरं सांगतो, आधी असं म्हणालं की बाईंनीच काहीतरी बिघडवलं असेल. अब्बांनी कपाटाच्या पलीकडून हात पुढे केला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "आता निघ."

आलापल्लीच्या पुढे पुलावर पाणी होतं. रात्र तिथल्या एका चहावाल्याच्या बाकावर काढली. सकाळी पाणी ओसरल्यावर लाकडाच्या ट्रकमधून निघालो आणि तीन तारखेला दुपारी बाराच्या सुमारास पोचलो.

बाईंनी आधी रजिस्टर दाखवलं. चारशे सतरा हा सेविकेने काचेवर घातलेला नंबर, नदीपलीकडच्या गावातल्या एका बाईचा. काचेबरोबरच्या कागदावर सेविकेने लिहिलं होतं, चार दिवस ताप, दिवस भरत आले आहेत. एक तारखेला बाईंनी काच वाचली. मोठा, आणि फार. निकाल भरला, आवरण घातलं, रिकाम्या खुर्चीवर भरवसा ठेवून त्या वॉर्डात गेल्या. साडेचारला परत आल्या तेव्हा कपडा वर होता. दोन तारखेला त्या स्वतः खुर्चीत बसून राहिल्या. तरी यादी गेली नाही, आणि नाला छातीच्या वर असल्याने कागद नेणंही शक्य नव्हतं. ताप आला की साध्या गोळ्या सेविका सगळ्यांनाच देत, पण मोठ्यासाठी कुनैन लागते. कुनैन तिच्या पेटीत होती, पण यादीतून नंबर आल्याशिवाय ती गरोदर बाईला द्यायची नाही असा पक्का हुकूम होता.

"ते सेविका पेटीजवळ बसून असन," बाई म्हणाल्या. "औषध हाय. फक्त माहा शब्द पोचून नाई राह्यला."

मी कॉम्प्युटर उघडला. मशीन म्हणत होतं, काम सुरूच करता आलं नाही. पूर्वी निदान बाई बसल्या की यादी जायची. माझ्या दुरुस्तीनंतर बसूनही जात नव्हती. 

"बाई, पासवर्ड बदलला?"

"एक तारीख होती नं," त्या म्हणाल्या. "नवा महिना, नवं रजिस्टर, नवा शब्द. मी दर महिन्याले बदलवते."

मी विचारलं नव्हतं, आणि त्या सांगायला लागल्या होत्या तेव्हा तोंडातलं बोलणं तोडलं होतं. मशीन बाईंचा ऑगस्टचा शब्द घेऊन बसलं होतं आणि बाई सप्टेंबरात गेल्या होत्या. टेकडीवरचं फोल्डरही मी ऑगस्टच्या शब्दालाच बांधून आलो होतो. आधीचा झेड आणि उघडं फोल्डर शिल्लक असतं तर बाई बसल्यावर तरी यादी गेली असती, पण ते दोन्ही मी कचरा म्हणून मोडीत काढलं होतं. एकेक दार मीच नीट बंद केलं होतं.

बाईंनी तिथल्या तिथे जुना शब्द परत लावला. मी हाताने काम चालवलं. यादी टेकडीवर गेली. सव्वाबारा वाजले होते. पण वाचली जाणार होती चारलाच, कारण पलीकडचे संच त्याआधी बंद. करण्यासारखं काही उरलं नव्हतं आणि पावणेचार तास बाकी होते.

मी म्हटलं, "यापुढे तुम्ही पासवर्ड बदलू नका, बाई. त्रास मिटेल."

त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. "मले एक सांगा," त्या म्हणाल्या. "चपराशी कागद नेत होता. तो का माह्या नावानं नाला उतरत होता? निकालावर सही माही. नेणारा आपल्या नावानं नेत होता. टेकडीवरच्या भाऊले तो ओळखीचा होता, म्हणून त्याले आत घेत. मंग या मशीनले तुमी माही सही काऊन देली?"

 या कामाचा मी वर्षभराचा अभ्यासक्रम केला होता, नागपूरला जाऊन परीक्षा दिली होती. जे काम आपोआप व्हायचं त्याला माणसाचं नाव देऊ नये, त्याचं वेगळं नाव असावं, त्याला फक्त त्याच एका दाराची किल्ली असावी. हे पुस्तकात असतं. मी वाचलंही असेल. आणि इथे जंगलात, कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा बघितलेली एक बाई, केवळ सही म्हणजे काय आणि कागद नेणं म्हणजे काय हे नीट ठाऊक असल्यामुळे, सरळ चालत तिथे पोचली होती. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठं असं काहीतरी वाटलं. त्यांच्या पाया पडावं असं वाटलं. आमच्यात तशी रीत नाही, म्हणून नुसता उभा राहिलो.

मग मी लॅबच्या मशीनवर एक नवं खातं उघडलं. बाईंनीच नाव सुचवलं, चपराशी. त्याने यादी उचलायची आणि नेऊन ठेवायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. यादीच्या तळाशी काच वाचणाऱ्याचं नाव छापून येईल असं केलं. आता तसंच खातं टेकडीवर उघडायला हवं होतं. नाला मांडीपर्यंत होता. वॉर्डातल्या एका परिचर भाऊंनी दोन झाडांना दोर बांधला आणि अडीच वाजता मी तो धरून पलीकडे गेलो. पाणी लाल, ओढ अशी की पायाखालचे गोटे सरकत होते. भीती वाटली, हे लपवत नाही.

टेकडीवर मी चपराश्याला आत घ्यायची सोय केली आणि पडद्यासमोर बसलो. वायरलेसवाले भाऊ माझ्या मागे उभे होते. पलीकडे लॅबमध्ये बाईंनी आवरण घातलं असणार, त्या वॉर्डात गेल्या असणार. पावणेचार झाले. फोल्डरातल्या यादीसमोरची वेळ बदलली. सव्वाबाराची पावणेचार झाली. बस, एवढंच झालं. आवाज नाही, कुणाचा हात नाही. एका रिकाम्या खोलीतून, लाल पाण्यावरून, सागाच्या शेंड्यांवरून कितीतरी माणसांच्या रक्ताची बातमी या खोलीत येऊन उतरली होती. मी असली कामं शेकडो वेळा लावून दिली होती आणि एकदाही अशी नजरेने बघितली नव्हती. 

चार वाजता भाऊंनी संच सुरू केला. खरखर, मग एकेका गावाचं नाव, आणि एकेका गावातून एका बाईचा आवाज. ते नंबर वाचत, निकाल वाचत. पलीकडून तोच नंबर आणि तोच निकाल परत म्हटला जाई. परत म्हटल्याशिवाय भाऊ पुढचा वाचत नसत. कुणी घाई करत नव्हतं. ते वाचन देवळातल्या किंवा मशिदीतल्या पठणाइतकं शांत चाललं होतं.

"चारशे सतरा," भाऊ म्हणाले. "मोठा. कुनैन सुरू करा."

पलीकडे नुसती खरखर. मी भिंतीला टेकलो. मला वाटलं, ती आता सांगणार की उशीर झाला.

"चारशे सतरा," सेविकेचा आवाज आला. तरुण होता, गोंडी वळणाचा. "मोठा. कुनैन. आताच देते. थे बाई हाय, भाऊ. बोलत नाई, पण श्वास घेऊन राह्यली." मग तिने विचारलं, "दोन दिवस यादी काऊन नाई आली?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि माइक माझ्यासमोर धरला. कसा दाबायचा ते बोटाने दाखवलं.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. आयुष्यात हे वाक्य मी त्याआधी किती वेळा म्हटलं होतं, आठवत नाही. फार नसेल.

"बरं," ती म्हणाली. त्यात राग नव्हता, ते मला जास्त लागलं. "उद्या येईन नं?"

"येईल," मी म्हटलं. आणि मग तिला हेही सांगितलं, की मी इथेच थांबतो.

तसा थांबलो. अब्बांना ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी पाठवली, की पुढची एक तारीख झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. रोज चारला टेकडीवर जायला मिळालं नाही, पण जेव्हा नाला परवानगी देई तेव्हा गेलो. पाचव्या दिवशी पलीकडून कळलं, चारशे सतरा डोळे उघडून पाणी मागू लागली. त्यानंतर तिच्याबद्दल काही आलं नाही. सेविकेला दुसरे ताप होते, आणि सव्वाचारला बॅटरी संपायची.

ऑक्टोबरच्या एक तारखेला मी टेकडीवर होतो. लॅबमध्ये बाईंनी त्या सकाळी नवं रजिस्टर उघडलं होतं, नवा शब्द लावला होता. आता बाईंचा शब्द कुठलाही असो, चपराश्याला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. तरी मी साडेतीनपासून पडद्यासमोरून हललो नव्हतो. पावणेचारला यादी आली. भाऊ वाचू लागले. मी त्यांच्या खांद्यावरून ओळी बघत होतो, नंबर, गाव, वय, निकाल. एका ओळीत नावाच्या जागी बाईंनी नाव लिहिलंच नव्हतं. लिहिलं होतं, मुलगी, नाव ठेवायचं आहे. वय, चार दिवस. आई, जुना नंबर चारशे सतरा. निकाल, मलेरिया नाही.

भाऊंनी ती ओळ वाचली. पलीकडून सेविकेने ती परत म्हटली, सावकाश, एकही शब्द न गाळता. भाऊंनी मान हलवली आणि पुढचा नंबर घेतला. मला तो ऐकू आला नाही.